डाळ कोरडी मोजा: घरच्या ताटातली प्रथिनं कशी मोजायची आणि कशी वाढवायची

रोज वरण किंवा आमटी, आठवड्यातून दोनदा उसळ, रात्री कधी पिठलं, असा स्वयंपाक असलेल्या घरातही प्रथिनं कमी पडू शकतात. डाळ रोज असते, पण वाटीत डाळीपेक्षा पाणी जास्त असतं. चौघांच्या आमटीला अर्धी वाटी तूरडाळ टाकली तर माणशी १५ ग्रॅम डाळ येते, म्हणजे जेमतेम ३ ग्रॅम प्रथिनं. तीच वाटी घट्ट वरणाची असेल तर ६-७ ग्रॅम. ताटात दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून शिजलेल्या वाट्या मोजून हिशेब लागत नाही. कुकरला लावण्याआधी कोरडी डाळ मोजायची.

आधी गरज काढा

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं रोज लागतात. ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम, ५५ किलोच्या बाईला ४६ ग्रॅम. हा आकडा उत्तम प्रतीच्या, म्हणजे दूध-अंड्यांच्या तोडीच्या प्रथिनांचा आहे. आपलं जेवण मुख्यतः धान्य आणि डाळींचं असतं आणि ती प्रथिनं थोडी कमी पचतात. तेव्हा सरळ हिशेब धरावा: जितके किलो वजन, तितके ग्रॅम प्रथिनं. वजन फार वाढलेलं असेल तर उंचीच्या सेंटिमीटरमधून १०० वजा करून येणारा आकडा घ्यावा, काट्यावरचा नको.

गरोदरपणात चौथ्या ते सहाव्या महिन्यांत रोज साडेनऊ ग्रॅम जास्त लागतात आणि शेवटच्या तीन महिन्यांत २२ ग्रॅम. बाळ अंगावर पीत असताना पहिले सहा महिने १७ आणि पुढचे सहा महिने १३ ग्रॅम जास्त. चार ते सहा वर्षांच्या मुलाला १६ ग्रॅम, सात ते नऊला २३, दहा ते बाराला ३२-३३, तेरा ते पंधराला ४३ ते ४५. म्हणजे आठवी-नववीतल्या मुलीची गरज जवळजवळ तिच्या आईइतकी असते, पण वाढताना तिच्या ताटात एक पोळी कमी आणि आमटी पातळच येते. इथे घराने मुद्दाम लक्ष घालायला हवं.

साठीच्या पुढच्या माणसांना किलोमागे १ ते १.२ ग्रॅम द्यावे असं तज्ज्ञ सुचवतात, कारण या वयात स्नायू झपाट्याने कमी होतात. नेमकं तेव्हाच दात नाहीत, भूक नाही म्हणून रात्री दूध-भातावर किंवा नुसत्या भाताच्या पेजेवर भागवलं जातं.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी इथला कोणताही आकडा स्वतःला लावू नये. त्यांचं प्रमाण डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ ठरवतात, आणि डायलिसिस सुरू झालं की ते पुन्हा बदलतं.

मोजायला काय लागतं

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि एक ठरलेली वाटी. घरातल्या त्या वाटीत कोरडी तूरडाळ, मटकी, शेंगदाणे, ज्वारीचं पीठ किती ग्रॅम मावतं ते एकदा मोजून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. मग रोज काटा काढायची गरज नाही. १५० मिलीच्या वाटीत तूरडाळ साधारण १२५ ते १३० ग्रॅम बसते. पीठ मात्र हलकं असतं आणि दाबून भरलं की वजन बदलतं, म्हणून पिठाला आपलीच वाटी आपल्याच हाताने मोजलेली बरी.

कोरड्या १०० ग्रॅममागची प्रथिनं अशी: मसूर डाळ आणि मूगडाळ २४, उडीद डाळ २३, तूर, हरभरा डाळ आणि कुळीथ २१-२२, मटकी, वाल आणि चवळी २०-२१, अख्खा हरभरा १९, सोयाबीन ३६, सोयावडी ५२, शेंगदाणे २४. धान्यांत बाजरी ११, गव्हाचं पीठ साडेदहा, ज्वारी १०, तांदूळ ८, पोहे साडेसात, नाचणी ७. साबुदाण्यात १०० ग्रॅमला अर्धा ग्रॅमही नाही.

प्राणिज पदार्थांत गायीचं दूध १०० मिलीला सव्वातीन, म्हशीचं साडेतीनच्या पुढे, पनीर १८-१९, अंडं एकाला ६, कोंबडीचं मांस २० च्या वर.

डाळींमध्ये एकमेकींत फारसा फरक नाही. कुठल्या डाळीत जास्त यावर वाद घालण्यात अर्थ नाही. कोणती किती ग्रॅम शिजली एवढंच बघायचं.

एक झटपट परीक्षा किराणा मालाच्या यादीवर करता येते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात २००० कॅलरीच्या शाकाहारी ताटासाठी दिवसाला २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं, ३०० मिली दूध-दही आणि ३५ ग्रॅम दाणे-तेलबिया धरल्या आहेत. यातून भाजीसकट ६५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. चार मोठ्या माणसांच्या घराला या हिशेबाने महिन्याला सगळ्या डाळी, कडधान्यं, बेसन मिळून १० किलो लागतील. यादीत तूरडाळ दोन किलो, मूगडाळ एक, मटकी अर्धा आणि बेसन एक किलो असेल तर पुढचं काही न मोजताच उत्तर मिळालं. रोज अंडी-मासे असलेल्या घरात हा आकडा अर्थातच खाली येतो.

एक दिवस कागदावर

५५ किलोच्या, शाकाहारी, घरचं जेवण जेवणाऱ्या बाईचा नेहमीचा दिवस घ्या. सकाळी ६० ग्रॅम पोह्यांचे कांदेपोहे, त्यात १० ग्रॅम शेंगदाणे: ७. दोन वेळच्या चहातलं मिळून १०० मिली दूध: ३. दुपारी दोन पोळ्या ६, पातळ आमटी ३, भाजी २, भात ३, पेलाभर ताक दीड. रात्री एक मोठी भाकरी ६, भाजी २, आमटी ३, थोडा भात अडीच. बेरीज ३९. हव्यात ५५.

१६ ग्रॅमची ही तूट भरून काढायला जेवणाची पद्धत बदलावी लागत नाही. दुपारची आमटी माणशी ३० ग्रॅम डाळीची केली की साडेतीन वाढले. रात्रीच्या आमटीऐवजी ३५ ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ घेतली की ४. ताकाऐवजी वाटीभर दही, साडेतीन. पोह्यांत दाणे १० ऐवजी २५ ग्रॅम, पुन्हा साडेतीन. चारच्या चहाबरोबर खारीऐवजी मूठभर, म्हणजे २० ग्रॅम फुटाणे, ४. आता बेरीज ५७ च्या पुढे गेली.

ताकाबद्दल लोकांचा गैरसमज असतो की लोणी काढल्यावर त्यात काही उरत नाही. प्रथिनं लोण्याबरोबर जात नाहीत, ती ताकातच राहतात. साय काढलेल्या दुधाचंही तसंच. ताकात ती कमी दिसतात कारण पाव वाटी दह्यात पाऊण पेला पाणी असतं.

प्रथिनं तीनही वेळच्या खाण्यात वाटलेली असावीत. दिवसभर चहा-बिस्किटांवर काढून रात्री एकदम सगळं भरून काढणं वयस्कर माणसांना तर अजिबात उपयोगी नाही. आणि वजन कमी करायचं म्हणून पोळी-भात पूर्ण तोडून नुसतं डाळ-दह्यावर राहिलं, तर शरीर त्या प्रथिनांतला मोठा भाग जळणासाठीच वापरतं. पोटात पुरेसं धान्य असेल तेव्हाच डाळ डाळीचं काम करते.

धान्य आणि डाळ जोडीने खाण्यामागे आणखी एक कारण आहे. धान्यात लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं, डाळीत ते भरपूर असतं. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यातून मिळतं. कोरड्या वजनाने तीन भाग धान्याला एक भाग डाळ हे प्रमाण चांगलं जुळतं. वरण-भात, पिठलं-भाकरी, उसळ-पोळी, सगळ्यांत ही जोडी आहे, फक्त डाळीचा भाग एकाला तीनऐवजी एकाला सहा-सातपर्यंत घसरलेला असतो. दोन्ही एकाच घासात यायला हवीत असं नाही, एका दिवसात आली तरी चालतं.

उसळ: भिजवण्यापासून शिजवण्यापर्यंत

चौघांसाठी १४० ग्रॅम मटकी घ्या, म्हणजे माणशी ७ ग्रॅम प्रथिनं येतील. निवडून, दोन पाण्यांनी धुऊन चौपट पाण्यात ८ तास भिजत घाला. उन्हाळ्यात मध्ये एकदा पाणी बदला, नाहीतर आंबूस वास सुरू होतो. भिजवलेलं पाणी टाकून द्या. पोटात वात धरणाऱ्या शर्करांचा काही भाग त्यात उतरलेला असतो, आणि लोह-जस्त अडवून धरणारी फायटेटंही भिजवण्या-मोड आणण्याने कमी होतात.

मग रोवळीत किंवा चाळणीत पूर्ण निथळू द्या. मोड बिघडतात ते बहुतेक वेळा इथेच. पाणी राहिलं की दाण्यांना हवा मिळत नाही, ते चिकट होतात आणि बोटाला तार येते. निथळलेली मटकी ओल्या पण पिळलेल्या पंचात सैल बांधा, घट्ट गाठोडं नको. उन्हाळ्यात १० ते १२ तासांत अर्धा-पाऊण सेंटिमीटर मोड येतात, थंडीत २४ तास लागतात. विदर्भाच्या मे महिन्यात पंचा दोन तासांत वाळतो, तेव्हा वरून पाणी शिंपडावं लागतं. थंड देशात राहणाऱ्यांनी गाठोडं बंद ओव्हनमध्ये फक्त आतला दिवा लावून ठेवलं तरी पुरेशी ऊब मिळते. आंबट वास, तार, किंवा रंग काळपट झाला असेल तर धुऊन वापरायचा मोह टाळा आणि सगळं फेकून द्या.

मूग ६ ते ८ तास भिजले तरी पुरे. कुळीथ आणि हरभऱ्याला १० ते १२ तास. कडवे वाल १२ तास भिजवून एक ते दीड दिवस मोड आणायचे आणि कोमट पाण्यात टाकून सोलायचे. गरम पाण्यात टाकले तर डाळिंब्या सोलताना फुटतात. भिजल्यावरही खड्यासारखे राहिलेले गणंग हाताने वेचून काढा, ते कितीही शिजवले तरी दाताखाली येतातच. फार गणंग निघत असतील तर माल जुना आहे किंवा उष्ण-दमट जागी साठवलेला आहे.

मोड आल्याने प्रथिनांचं प्रमाण वाढतं असं सर्रास सांगितलं जातं. एकूण प्रथिनं तितकीच राहतात. १४० ग्रॅम मटकी मोड आल्यावर ३०० ग्रॅमच्या पुढे भरते, पण वाढलेलं वजन पाण्याचं आहे. १०० ग्रॅम मोडाच्या मटकीत ८-९ ग्रॅमच प्रथिनं असतात. कोरड्या मटकीचा २० चा आकडा मोडांना लावला की हिशेब दुपटीने चुकतो. मोड आणण्याचा फायदा वेगळा आहे: पचन सोपं होतं, लोह जास्त मिळतं आणि कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेलं क जीवनसत्त्व तयार होतं.

मोड कच्चे खाऊ नयेत. ऊब आणि ओल जंतूंनाही मानवते. झाकण ठेवून ८-१० मिनिटं वाफवले तरी दाणा अख्खा राहतो आणि धोका टळतो. वरून लिंबू पिळलं की लोह चांगलं शोषलं जातं. लहान मुलं, गरोदर बायका आणि म्हाताऱ्या माणसांना तर कच्चे मोड देऊच नयेत.

राजम्याची गोष्ट जास्त गंभीर आहे. कच्च्या आणि अर्धवट शिजलेल्या राजम्यातल्या लेक्टिनमुळे काही तासांत जोरदार उलट्या-जुलाब होतात. रात्रभर भिजवा, पाणी टाका, ताज्या पाण्यात कुकरला मऊ होईपर्यंत शिजवा. मंद आचेवर दिवसभर ठेवायच्या विजेच्या भांड्यात थेट टाकू नका, त्याचं तापमान पुरेसं चढत नाही. त्यात शिजवायचाच असेल तर आधी अर्धा तास खळखळून उकळून घ्या.

डाळ घट्ट करताना

माणशी ३० ग्रॅम डाळ घेतली की चौघांना १२० ग्रॅम, म्हणजे जवळपास एक वाटी. तूरडाळ अर्धा तास भिजवून अडीचपट पाण्यात, हळद-हिंग आणि अर्धा चमचा तेल घालून कुकरला ३-४ शिट्ट्या. मीठ, चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ शिजल्यावरच. आंबट आधी पडलं की डाळ फुटत नाही. बोअरच्या जड पाण्यातही ती कडक राहते, तिथे पिण्याचं गाळलेलं पाणी घ्या. सोडा घातला तर लवकर शिजते खरी, पण ब-१ जीवनसत्त्व नासतं.

आजवर पातळ खाणाऱ्या घरात एकदम दुप्पट डाळ आली की पोट फुगतं आणि मंडळी आठवड्यात पुन्हा पातळ आमटीवर येतात. आठवड्याला माणशी १० ग्रॅमने वाढवा, सुरुवात मूगडाळीने करा, तूर आणि हरभरा नंतर. पुरणाची डाळ शिजवून काढलेल्या कटात प्रथिनं उतरलेली असतात, त्याची आमटी जरूर करा.

पिठलं हा या सगळ्यात सर्वांत सोयीचा पदार्थ आहे. माणशी ३० ग्रॅम बेसन म्हणजे साडेसहा ग्रॅम, दहा मिनिटांत. कोकणात कुळथाची पिठी तेच काम करते. गोव्याकडचं अळसांद्यांचं, म्हणजे तिकडच्या चवळीचं, तोणक ही तर पूर्ण ताकदीची उसळ आहे.

विदर्भात पिकणाऱ्या लाखोळी डाळीबद्दल मात्र सावध राहावं. तिच्यातल्या विषारी घटकामुळे ती रोज, मुख्य अन्न म्हणून महिनोन्महिने खाल्ली गेल्यास पाय कायमचे लुळे पडू शकतात. रोजची डाळ म्हणून ती धरू नये.

भाजणी आणि सोयाबीनचं पीठ

थालीपिठाची भाजणी नीट केली तर एका थालीपिठात दीड अंड्याइतकी प्रथिनं येतात. एक किलोसाठी: बाजरी ३०० ग्रॅम, ज्वारी २००, तांदूळ १००, गहू १००, हरभरा डाळ १५०, उडीद डाळ १००, अख्खे मूग ५०, वर धने-जिरे चवीपुरते. प्रथिनं १०० ग्रॅमला १३ ते १४ पडतात, म्हणजे ७० ग्रॅम पिठाच्या थालीपिठात साडेनऊ. बरोबर दही घेतलं की नाश्ता पूर्ण झाला.

प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, कारण बाजरी उडायला लागते तेव्हा हरभरा डाळ कच्चीच असते. मध्यम आच, खमंग वास आणि फिकट बदामी रंग आला की उतरवा. तपकिरी होईपर्यंत भाजली की चव कडवट होतेच, शिवाय लायसिन जळून जातं, म्हणजे डाळ घालण्याचा उद्देशच हुकतो. पूर्ण गार झाल्यावर दळायला द्या. गरम धान्य दळलं की डब्यात घाम सुटून पीठ धरतं. बाजरीमुळे पीठ खवट होतं, तेव्हा महिन्याभरात संपेल इतकंच करा.

मराठवाडा-विदर्भात सोयाबीनची रास घरासमोर असते आणि ती जवळजवळ सगळी तेलाच्या कारखान्याला जाते. त्यातलं दहा किलो घरी ठेवलं तर वर्षाच्या पोळ्यांचा प्रश्न सुटतो. नऊ किलो गव्हाला एक किलो सोयाबीन. पिठातली प्रथिनं साडेदहावरून तेराच्या आसपास जातात आणि गव्हाची लायसिनची उणीवही भरते. पण सोयाबीन कच्चं दळायचं नाही. त्यात प्रथिनांचं पचन रोखणारे घटक असतात, आणि पोळी तव्यावर एक-दोन मिनिटंच असते, तेवढ्याने ते मरत नाहीत. दाणे निवडून उकळत्या पाण्यात टाका, २० ते २५ मिनिटं उकळा, पाणी फेका, दोन-तीन दिवस कडकडीत उन्हात वाळवा, मग गव्हात मिसळा. उग्र वास पाणी फेकल्याने जातो. प्रमाण एकाला नऊपेक्षा वाढवलं तर पोळी लाटताना तुटते आणि गार झाल्यावर वातड होते. तेलाचा अंश असल्यामुळे पंधरा दिवसांपुरतंच दळून आणा.

सोयावडी माणशी २५ ग्रॅम कोरडी घेतली की १३ ग्रॅम प्रथिनं. उकळत्या मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं ठेवून, गार पाण्यात दोनदा पिळून घ्या, मगच रश्श्यात टाका.

अंडी, मासे, पनीर

अंड्यातला पिवळा बलक फेकला की त्या अंड्यातली जवळजवळ ४० टक्के प्रथिनं गेली. कच्चं अंडं दुधात घालून पिण्याने ताकद येते हा समज चुकीचा आहे. शिजलेल्या अंड्यातली प्रथिनं कच्च्यापेक्षा कितीतरी जास्त पचतात, आणि जंतुसंसर्गाची भीतीही राहत नाही.

माशाचं वजन काटे-डोकं काढून धरा. मध्यम बांगड्यातून खायला मिळतं ते निम्म्याच्या आसपास, तरीही त्यात पंधराच्या पुढे प्रथिनं येतात. ओला बोंबील फार पाणीदार, त्यात बांगड्याच्या निम्मीच. तोच बोंबील वाळला की १०० ग्रॅमला ६० च्या घरात जातो. पावसाळ्यात जवळा किंवा सुके बोंबील माणशी २० ग्रॅम घेतले तर १० ग्रॅमच्या पुढे हिशेब जातो. खारवलेला मासा असेल तर दोन पाण्यांत भिजवून घ्या, आणि रक्तदाब असलेल्यांनी तो टाळावा.

घरी पनीर केलं की निवळी ओतून देऊ नका. थोडी प्रथिनं तिच्यात उरतात. कणीक भिजवायला किंवा आमटीला ती चांगली लागते.

उपवास आणि बाळाचं खिमट

साबुदाण्याच्या खिचडीतली प्रथिनं म्हणजे फक्त दाण्याचा कूट. माणशी ३० ग्रॅम कूट घातला तर ७ ग्रॅम, नुसता भुरभुरवला तर दोन. चतुर्थी-एकादशीला ठीक, पण नवरात्राचे नऊ दिवस असे काढले तर थकवा येतोच. वरीच्या तांदळाबरोबर दाण्याची आमटी, राजगिरा आणि दूध, दह्याची मोठी वाटी, असं ताट लावा.

बाळाला सहा महिने फक्त आईचं दूध. त्यानंतरच्या खिमटासाठी तीन भाग तांदूळ, एक भाग मूगडाळ, धुऊन सावलीत वाळवून, मंद भाजून जाडसर दळा. दोन मोठे चमचे, म्हणजे २० ग्रॅम पिठात २.४ ग्रॅम प्रथिनं येतात आणि त्यातली निम्मी त्या पाव भाग डाळीची असतात. डाळ विसरून नुसतं तांदळाचं खिमट दिलं तर हीच प्रथिनं दीड ग्रॅमवर येतात. नाचणीचं सत्त्व गाळून काढलेलं असल्यामुळे त्यात मुख्यतः पिष्टच उरतं, कोंडा आणि प्रथिनांचा बराच भाग फडक्यात राहतो. ते द्यायचं तर दुधात शिजवून किंवा भाजलेल्या मूगडाळीचं पीठ मिसळून द्या. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला साडेबारा ग्रॅम लागतात.

पैसे आणि पावडर

कोणतं प्रथिन स्वस्त हे ठरवायचं सोपं सूत्र: एक किलोची किंमत भागिले १०० ग्रॅममधली प्रथिनं. येणारा आकडा १० ग्रॅम प्रथिनांची किंमत असतो. समजा डाळ १२० रुपये किलो, तर १२० भागिले २२, साडेपाच रुपये. पनीर ४०० रुपये किलो असेल तर २१-२२ रुपये. दूध ६० रुपये लिटर, तर १८ रुपये. अंडं सात रुपयांना पडत असेल तर १० ग्रॅमला पावणेबारा. आपल्या गावातले आजचे भाव घालून बघा. भाव बदलतात, पण डाळ, दाणे आणि सोयाबीन बहुतेक वेळा तळालाच राहतात.

मुलांच्या दुधात घालायच्या पावडरींच्या डब्यावर १०० ग्रॅमचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो. मागच्या बाजूला एका वेळेचं प्रमाण शोधा. १०० ग्रॅमला १० असेल आणि दोन चमचे म्हणजे २० ग्रॅम होत असतील, तर पेल्यात २ ग्रॅम पडले. पेल्यातल्या २०० मिली दुधात त्याच्या तिप्पट आधीच असतात. त्याच मागच्या बाजूला साखरेचा आकडाही वाचा.

व्यायाम करणाऱ्यांच्या व्हे पावडरीच्या एका मापात २०-२५ ग्रॅम असतात, पण राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शनात अशा पूरक पावडरी टाळायला सांगितलं आहे. आजारपणातून उठलेला, चावता न येणारा, फार कमी जेवणारा माणूस असेल तर डॉक्टरांना विचारून घ्यावी, ती गोष्ट वेगळी. बाकीच्यांनी आधी वरचा एक दिवसाचा कागद स्वतःच्या ताटाचा भरावा. तूट बहुतेक वेळा १० ते २० ग्रॅमची निघते, आणि तेवढी भरायला रोज माणशी अर्धी ते पाऊण वाटी कोरडं कडधान्य जास्त भिजत घातलं तरी पुरतं.